तुम्ही विचारलंत म्हणून: डिग्री हाताने का मोजायची?

नेटवर्कएक्स या पायथनच्या लायब्ररीत एका ओळीत उत्तर येतं, मग मुलांकडून ग्राफमधली (ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा) डिग्री, म्हणजे एका ठिपक्याला किती रेषा येऊन मिळतात ते, हाताने का मोजून घेता? सहकारी विचारतात, नोकरीला लागलेले माझेच विद्यार्थीही विचारतात. मी कोडच्या विरोधात आहे, असा समज झालाय. तसं अजिबात नाही. ग्राफ बायपार्टाइट आहे का, म्हणजे प्रत्येक रेषेची दोन टोकं वेगळ्या रंगांची येतील असे ठिपके दोनच रंगांत रंगवता येतात का, हे दोन रंगांचं बीएफएस (शेजाऱ्यांपासून थराथराने ग्राफ फिरायची पद्धत) लिहून तपासताना मला आजही आनंद होतो.

पण एक प्रॅक्टिकल परीक्षा डोक्यातून जात नाही. प्रश्न कोनिग्सबर्ग शहरातल्या सात पुलांचा होता, गणितज्ञ ऑयलरने १७३६ साली सोडवलेला. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून फिरता येईल का? एका मुलीने पेन्सिलने जमिनीच्या चार तुकड्यांचे चार ठिपके (नोड) काढले, पुलांच्या सात रेषा (एज) जोडल्या, शेजारी डिग्री लिहिल्या: बेटाची ५, बाकी तिघांची ३, ३, ३. विषम डिग्रीचे नोड दोनपेक्षा जास्त असले की रस्ता नाही. तिने ‘नाही’ लिहिलं. मग साध्या ग्राफमध्ये सातही पूल भरले आणि ऑयलर पाथ (प्रत्येक एज एकदाच घेणारा रस्ता) आहे का, असं लायब्ररीला विचारलं. स्क्रीनवर ‘ट्रू’ आलं. ती कागदाकडे बघत राहिली, परत स्क्रीनकडे. मग ‘नाही’वर काट मारून तिने ‘आहे’ लिहिलं. परीक्षा चालू असताना मला बोलता येत नव्हतं. एक्स्टर्नलनी आउटपुट पाहिलं, टिक केली, पूर्ण मार्क दिले.

लायब्ररी खोटं बोलली नव्हती. साधा ग्राफ दोन नोडांमध्ये एकच एज ठेवतो. बेटाला एका काठाशी जोडणारे दोन पूल होते, दुसऱ्या काठाशीही दोन. प्रत्येक जोडीचा एकेकच उरला. सातचे पाच झाले, डिग्री ३, २, २, ३ झाल्या, आणि त्या पाच पुलांवरून रस्ता खरंच निघतो. दोन नोडांमध्ये अनेक एज ठेवणारा मल्टिग्राफ घेतला असता तर ‘फॉल्स’च आलं असतं.

तुम्ही म्हणाल, मग मल्टिग्राफ शिकवा, पेन्सिल कशाला? पूर्वी मीही हेच म्हणायचे, आणि त्या म्हणण्याला माझ्याकडे अजून पक्कं उत्तर नाही. हजार नोडांचा ग्राफ कोणी हाताने मोजत नाही. प्लेनॅरिटी (एज एकमेकींना न छेदता ग्राफ कागदावर काढता येतो का) तर मी स्वतः लायब्ररीवरच सोडते. फक्त तिथे नुसतं ‘फॉल्स’ घेत नाही. के-पाच (पाच नोड, प्रत्येक जोडी जोडलेली) किंवा के-तीन-तीन (तीन-तीन नोडांचे दोन गट, एकातला प्रत्येक दुसऱ्यातल्या प्रत्येकाशी जोडलेला) कुठे दडलाय तो दाखवा, म्हणते. बायपार्टाइट नसेल तर विषम लांबीचं सायकल (फिरून त्याच नोडवर येणारा रस्ता) छापा. झाड (सगळे नोड जोडलेले, पण एकही सायकल नसलेला ग्राफ) आहे म्हणता, तर एज नोडांपेक्षा एकने कमी आहेत एवढ्यावर मी ऐकत नाही: एक त्रिकोण आणि बाजूला एक सुटा नोड घ्या, चार नोड, तीन एज, पण झाड नाही.

त्या मुलीला रस्ता छापायला लावला असता तर पाचच पूल दिसले असते. म्हणजे पेन्सिलशिवायही ते सापडलं असतं, हे मला मान्य आहे. पण तिच्या कागदावर बरोबर उत्तर आधीच होतं, आणि तिने त्यावर स्वतःच्या हाताने काट मारली. ती काट कशी थांबवायची, ते मला कोणत्याच फंक्शनमध्ये सापडलेलं नाही. म्हणून या सेमिस्टरलाही पहिले दोन तास लॅबमधले कॉम्प्युटर बंदच राहतील.