इनामगाव : घोडकाठच्या पांढरीवर

इनामगावला हजारो वर्षांपूर्वीच्या गावाची जागा बघायला जायचं ठरलं असेल, तर आधी पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेजचं संग्रहालय बघून घ्या. उलटा क्रम ठेवलात तर शिरूर तालुक्यातला ऊस बघून परत याल. पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या उंचवट्यावर, पाटी-कमान शोधायला जाऊ नका. वस्त्या विरळ, एकेका मळ्यात एखादं घर, खाली घोड नदी आणि बांधाला बाभळी.

याच मातीत इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षं शेतकरी नांदले. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ इथे उत्खनन केलं. सांकलिया, अन्सारी आणि धवलीकर हे पुरातत्त्वज्ञ ही त्यातली मोठी नावं. मुख्य पीक सातू. जोडीला मसूर, वाटाणा, लाखेची डाळ. पुराचं पाणी वळवायला पाट खणलेला, त्याला दगडमातीचा बांध. वस्तीच्या मध्यावर पाच खोल्यांचं घर आणि धान्याचं कोठार. त्याच घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला एक माणूस पुरलेला सापडला. बाकीच्यांना घराच्या जमिनीखालीच पुरत, मोठ्या माणसांचे पाय घोट्यापासून तोडून. का, याचे तर्क बरेच आहेत. मेलेल्याने उठून गाव सोडू नये म्हणून, हा मला त्यातल्या त्यात पटतो.

इ.स.पू. १०००च्या सुमारास चित्र पालटतं. ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात, शेती आटते, शेळ्यामेंढ्यांवर भिस्त वाढते. धवलीकरांच्या मते पाऊस हटला. आज कालव्याच्या पाण्यावरचा ऊस बघताना हे खरं वाटत नाही. पण हा मुलूख मुळात पर्जन्यछायेचा, पाणी बंद झालं की काय होतं ते इथल्या कुणालाही विचारा.

बांधाच्या कडेला एक खापर दिसलं. तांबडं, पातळ, वर काळ्या रंगाच्या तिरप्या रेघा. हे जोर्वे पद्धतीचं, नगर जिल्ह्यातल्या जोर्वे गावावरून नाव पडलेलं. ही भांडी इतकी पक्की भाजलेली असतात, की टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात. खापरं खिशात घालू नका. जागची हलली की अभ्यासाच्या उपयोगाची राहत नाहीत.

पुणे-नगर रस्त्याने निघा, शिरूरच्या अलीकडे न्हावरे फाट्याला वळा, न्हावऱ्यावरून इनामगाव. पुण्यापासून नव्वदेक किलोमीटर. पांढरी गावठाणापासून बाजूला, नदीकडे आहे, तेव्हा गावात विचारूनच पुढे जा. ‘उत्खनन’ म्हटलं तर समोरचा विचारात पडतो. ‘खोदकाम झालं होतं ती जागा’ म्हणा. जमिनी खाजगी आहेत, मळेवाल्याला विचारल्याशिवाय रानात शिरू नका. पावसाळा टाळा, काळ्या मातीत बूटसुद्धा रुततो, गाडीचं तर सोडाच. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे वेळ जातो, म्हणून सकाळी लवकर निघा. पाणी आणि डबा सोबत असू द्या. चहा न्हावऱ्यातच उरकून घ्या. संग्रहालयाच्या वेळा आणि सुट्ट्या मात्र फोन करून विचाराव्यात.