पाळणाघराची पावती

दर महिन्याच्या पाच तारखेला मी प्रतापनगरातल्या पाळणाघरात साडेचार हजार रुपये भरते (एप्रिल ते जून कूलरचे दोनशे वेगळे) आणि वहीच्या फाडलेल्या पानावर काकूंची सही घेते. पहिल्यांदा मागितली तेव्हा त्यांनी विचारले होते, "पावती कायले पाहिजे जी?"

मार्चमध्ये करसल्लागारांनीही जवळपास तेच विचारले. जुन्या करप्रणालीत प्लेग्रुप आणि नर्सरीचे शिक्षण शुल्क वजावटीस पात्र ठरते, पाळणाघराचे नाही. म्हणजे माझी लेक सकाळी बडबडगीते म्हणते ते तीन तास शिक्षण आणि त्यानंतर मी कामावर असेपर्यंतचे सहा तास हा आमचा घरगुती खर्च. नव्या प्रणालीत ही वजावट मुळातच नाही, त्यामुळे तिथे वाद घालायलाही जागा नाही.

कायदा अगदीच गप्प आहे, असे नव्हे. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊन येण्याची मुभा दिली. हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या कार्यालयात आम्ही ३८ जण आहोत. केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्या माझ्या नणंदेला संपूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. 'पालना' योजनेत अंगणवाडीला जोडूनच सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पाळणाघर चालते, पण आमच्या घराजवळच्या अंगणवाडीत ते नाही.

माझी तक्रार रकमेपेक्षा या रचनेबद्दल आहे. आपल्याकडे मदत आईबापांच्या नोकरीला बांधलेली असते. नोकरी बदलली की मूल तेच राहते, सवलत मात्र जाते. ब्रिटनमध्ये पात्र नोकरदार पालकाने पाळणाघरासाठीच्या सरकारी खात्यात ८ पौंड भरले की सरकार त्यात २ पौंड घालते, एका मुलामागे वर्षाला २,००० पौंडांपर्यंत, आणि ते पैसे नोंदणीकृत पाळणाघरालाच देता येतात. तशी व्यवस्था इथे आणायची तर काकूंच्या दोन खोल्यांची आधी कुठेतरी नोंद व्हावी लागेल, हेही खरे.

तोवर एक वाट जवळची दिसते. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये अनेक आस्थापनांनी मिळून सामायिक पाळणाघर चालवण्याची तरतूद आहे. आमच्या रस्त्यावर अशी लहान कार्यालये आणि वर्कशॉप दहाबारा तरी असतील. मालकांकडे विषय काढला, तेव्हा त्यांनी आधी मुले किती आहेत ते मोजून आणा म्हणून सांगितले. आतापर्यंत नऊ नावे झाली आहेत.