मिसेस पीटर्सची टोपी

बुधवार, रात्री साडेदहा

इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वूल्फ यांची ‘मिसेस डॅलोवे’ आज वाचून संपली. १९२५ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी १९२३च्या जूनमधल्या एकाच बुधवारी लंडनमध्ये घडते. तिच्यात प्रकरणे नाहीत, त्यामुळे कुठे थांबावे हे न कळून पहिल्या दिवशी मी तीसेक पानांतच दमले. पुढे ध्यानात आले की बाँड स्ट्रीटवर मोटारीचा बार उडतो, फुलांच्या दुकानातल्या क्लॅरिसाला, म्हणजे मिसेस डॅलोवेला, पिस्तूल झाडल्यासारखे वाटते, बाहेर सेप्टिमस हा माजी सैनिक जागीच खिळतो आणि त्या एका आवाजाचा माग धरून आपण एका मनातून दुसऱ्या मनात पोचलेले असतो.

पहिले महायुद्ध संपले, असे लेखिका सुरुवातीलाच सांगते आणि लगेच अपवाद जोडते: लाडक्या मुलाच्या मृत्यूची तार हातात असताना बाजाराचे उद्घाटन करणारी एक बाई. ते वाक्य मी तीनदा वाचले.

सेप्टिमस मात्र जिवंत परतलेला आहे. त्याचा मित्र आणि अधिकारी इव्हान्स युद्धविरामाच्या थोडेच आधी इटलीत मारला गेला, तेव्हा आपल्याला फारसे दुःख झाले नाही याचे त्याला समाधान वाटले होते. आता तीच बधिरता त्याला स्वतःचा अपराध वाटते. डॉक्टर होम्स म्हणतात, त्याला काहीही झालेले नाही. दुसरे, बडे डॉक्टर सर विल्यम ब्रॅडशॉ त्याला पत्नीपासून दूर, विश्रांतीसाठी पाठवू पाहतात. या दोघांचा मला मनापासून संताप आला.

सर्वांत जिवाला लागला तो टोपीचा प्रसंग. सेप्टिमसची पत्नी रेझिया मूळची मिलानची, टोप्या करणारी. ती मिसेस पीटर्ससाठी टोपी करत बसलेली असताना, ही त्या बाईंना फार लहान होईल, असे तो एकाएकी म्हणतो, दोघे कितीतरी दिवसांनी एकत्र हसतात, तो फिती आणि मणी निवडून रंगसंगती जुळवतो आणि ती त्याच्या मनाप्रमाणे टाके घालते. आपल्या हातून काहीतरी खरे, भरीव घडले याचा त्याला अभिमान वाटतो. थोड्याच वेळात जिन्यावर होम्सची पावले वाजतात आणि तो खिडकीतून उडी घेतो. पुस्तक मिटून मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

आजोळी, सातारा जिल्ह्यात, एक दगडी पाटी आहे. गावातून किती माणसे १९१४ ते १९१९च्या महायुद्धाला गेली आणि त्यांतल्या किती जणांनी प्राण दिले, एवढेच तिच्यावर कोरले आहे. परतलेल्यांचा आकडा वजाबाकी करून काढावा लागतो. लहानपणी तो मी काढलाही होता. ती माणसे घरी आल्यावर रात्री झोपू शकत होती का, हे मात्र मी आजीला कधी विचारले नाही.

एक गोष्ट अजून पचलेली नाही. सेप्टिमसच्या मृत्यूची बातमी क्लॅरिसाला तिच्याच मेजवानीत ब्रॅडशॉ दांपत्याकडून कळते, ती बाजूच्या खोलीत एकटी जाते आणि त्याने हे केले याचे तिला बरे वाटते. तिला त्याची आतून ओळख पटली, असे मी स्वतःला सांगून पाहिले. पण त्या फिती आणि मण्यांसोबत रेझिया मागे राहिली आहे, आणि तिच्या बाजूने पाहिले की ते ‘बरे वाटणे’ मला सहन होत नाही. ती पाने उद्या पुन्हा वाचणार आहे.