अशा वेळी वाचायला सुचतं कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि या वेळी पूर्ण सांगते. लग्नात, बारशात, अण्णांच्या वर्षश्राद्धाला तर वाढप चालू असतानाच, कुणी ना कुणी हा विषय काढतंच. अण्णा आयसीयूत होते आणि तू बाहेर बाकावर पुस्तक वाचत हसत होतीस. अशा वेळी वाचायला सुचतं कसं गं? आजवर मी "अहो, वेळ जात नव्हता" म्हणून सुटका करून घेतली. ते उत्तर खरं नाही.

काही जण माझी बाजू घेतल्यासारखं करतात. "ती ग्रंथपाल, तिला सवयच." ही बाजू मला नको. आमचं वाचनालय तासगावकडच्या गावातलं, ब वर्गातलं. वर्षाच्या तपासणीला सभासद किती, ग्रंथ किती, देवघेव किती, हे बघितलं जातं. पुस्तक कोण कशासाठी नेतं, हे टेबलामागे बसणाऱ्यालाच कळतं, तेही जरा जरा. ऑक्टोबरची फळछाटणी झाली की द्राक्षबागाईतदार दिसेनासे होतात. त्यातले एक जण माल उतरला की येतात आणि ऐतिहासिक कादंबऱ्या नेतात, दर वेळी त्याच. म्हणतात, बागेचा शेवट कधी कळत नाही, निदान पुस्तकाचा तरी माहीत असावा. यजमान गेल्यापासून एक काकू प्रवासवर्णनंच नेतात. प्रवासाची त्यांना मुळीच आवड नाही. "त्यात घर नसतं," एवढंच म्हणाल्या. अभ्यासिकेतली एमपीएससीची मुलं परीक्षेसाठी वाचतात, त्यातही कमीपणा काही नाही. यातल्या कुणाला "सुचतं कसं" असं विचारायचं माझ्या कधी मनात आलं नाही.

१५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन असतो. शाळेत मला बोलावतात. सुरुवातीला मी तिथे ठासून सांगायचे, वाचनाने माणूस घडतो, मन मोठं होतं. तेव्हाच्या मला आज विचारावंसं वाटतं, कुणाचं मन मोठं झालेलं पाहिलंस बाई? कपाटंच्या कपाटं वाचून संपवलेली आणि घरात सुनेशी धड न बोलणारी माणसं आपल्याच सभासदांत नव्हती का? ती उलट विचारेल, मग मुलांना सांगायचं काय? तिथे मी अडते. आता भाषण करत नाही. दोन पानं वाचून दाखवते आणि खाली बसते.

मिरजेच्या त्या दवाखान्यात आयसीयूबाहेर बाक थोडे, बाकी सगळे जमिनीवर चादरी टाकून. आत सोडायचे सकाळी आणि संध्याकाळी, एका वेळी एकालाच, चपला बाहेर, वरून गाऊन. अण्णांच्या हाताला हात लावायचा, व्हेंटिलेटरचा आवाज ऐकायचा आणि बाहेर यायचं. मग दिवसभर त्या दाराकडे डोळे. सिस्टर बाहेर येऊन पेशंटचं नाव पुकारायच्या. कुणाचं, ते कळेपर्यंत सगळा बोळ उभा. औषधाची चिठ्ठी असली तर जीव खाली पडायचा. "डॉक्टरांनी बोलावलंय" म्हटलं की बायका तोंडाला पदर लावायच्या.

मला तिथे बसवत नव्हतं. सारखी उठून जिन्यापाशी जायचे, खाली चहाच्या गाड्यावर जायचे. एकदा तर चालत स्टँडवर गेले आणि गावाकडच्या गाडीजवळ उभी राहिले. बसावं आणि निघून जावं, असं वाटत होतं. गाडी सुटली, मी परत आले. दुसऱ्या दिवशी कपडे आणायला घरी गेले तेव्हा लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, 'स्मृतिचित्रे', पिशवीत टाकलं. पुस्तक हातात आल्यावर मी त्या बाकावरून हलले नाही. अण्णांचं नाव पुकारलं की सगळ्यांत आधी मी दारात असायचे. हे आत्याने पाहिलं नाही.

तिने पाहिलं ते दुसरं. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना १८५७ च्या बंडात इंग्रजांनी फाशी दिली. त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं इतकं वाढलं, की मीठसुद्धा धुऊन घ्यायला लावायचे. सगळं घर त्यापायी पिचलेलं. आणि त्याच घरातली मुलगी म्हातारपणी हे लिहायला बसते तेव्हा गळा काढत नाही. हसते, आणि वडिलांवरची माया तेवढीच. मला हसू फुटलं, चांगलं मोठ्याने. नेमकी आत्या डबा घेऊन जिना चढून वर आली. तिने डबा बाकावर ठेवला, माझ्या हातातलं पुस्तक मिटून आपल्या पिशवीत टाकलं आणि सगळ्या बोळासमोर म्हणाली, "भाऊ आहे माझा आत." एवढंच. मला घास गेला नाही. दुसऱ्या दिवशी मी पुस्तक परत मागून घेतलं. संध्याकाळी अण्णांना पाहून आले आणि पुढचं पान काढलं. त्याच आठवड्यात अण्णा गेले.

चुलतभाऊ तिथेच मोबाइलवर क्रिकेट बघत होता. मामा फोनवर ऊसतोडीच्या मुकादमाशी भांडत होते. त्यांना आजवर कुणी काही विचारलेलं नाही, आणि विचारूही नये. त्यांनाही तो बोळ काढायचाच होता. मग मलाच का? पुस्तकात मन लागावं लागतं, म्हणून? मोबाइलने मन न लागताही भागतं, ते चालतं?

पण मी नुसती बसता यावं म्हणून वाचत होते, असं म्हटलं तर तेही अर्धंच सांगणं होईल. मला मजा आली. काही ओळींपुरते अण्णा माझ्या मनात नव्हते. आत्याला तेच दिसलं, आणि ते तिथे होतं. १८९५ साली लक्ष्मीबाईंचे यजमान, कवी ना. वा. टिळक, ख्रिस्ती झाले, १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. मधल्या वर्षांतली त्यांची फरफट मी अण्णांचं दहावं झाल्यावर वाचली आणि तेव्हा पहिल्यांदा रडले. घरात सगळे "हिला रडू कसं येत नाही" म्हणत होते तोवर आलं नव्हतं. रडायलासुद्धा मला दुसऱ्या बाईचं दुःख लागावं, याचं मलाही बरं वाटत नाही. आत्याला हे कळलं तर ती म्हणेल, बघ, मी काय म्हणत होते. आणि मी तिच्याशी पुन्हा भांडेन.

गेल्या वर्षी आईचं ऑपरेशन झालं तेव्हा लोकांच्या बोलण्याला भिऊन पुस्तक नेलं नाही. दिवसभर मोबाइल चाळत बसले. आई ठणठणीत घरी आली, देवाची कृपा. पण ते दिवस माझ्या डोक्यातून पार पुसले गेलेत. अण्णांच्या हातावरची सुईची पट्टी, सिस्टरचा आवाज, बाकाची तुटलेली फळी मला आजही आठवते. ते पुस्तकामुळे, की अण्णा परत आलेच नाहीत म्हणून, ते मला ठरवता येत नाही. पुढच्या वेळी पिशवीत पुस्तक असेल. बोलायचं ते बोला.