आमची वाटचाल: खळ, कामट्या आणि डिसेंबरातलं हुमण

डिसेंबर लागला की आमच्या घरात मैद्याचे दोन डबे होतात, एक नेवऱ्यांचा आणि एक खळीचा. खळीच्या पातेल्याला सासूबाईंनी लाल फीत बांधून ठेवलीय, कारण त्यात विषारी मोरचूद पडतं आणि ते पातेलं चुकूनसुद्धा चुलीजवळच्या फळीवर जाता कामा नये. मोरचूद नाही घातलं तर झुरळं रात्रीतून नखेत्राचा, म्हणजे नाताळातल्या चांदणीच्या कंदिलाचा, कागद कडेकडेने कुरतडून खातात, हे आम्ही पहिल्या मोठ्या सीझनला शिकलो, शिकलो म्हणजे बावीस नखेत्रं फुकट घालवून शिकलो.

बरेच जण विचारतात की तुमचं हे सगळं सुरू कसं झालं, म्हणून एकदाचं लिहून काढतेय. कंपनी वगैरे म्हणायला बरं वाटतं पण आम्ही म्हणजे घरच्या तिघी आणि शेजारपाजारच्या सहा बायका, मागच्या पडवीत बसून दिवाळीला आकाशकंदील आणि नाताळाला नखेत्रं आणि गोठे करतो, गोठे म्हणजे बाळ येशूचा देखावा मांडतात ना तो. राहतो गोव्यात, अस्नोड्याच्या बाजूला, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार हे आमचं पहिलं दुकान, दुकान म्हणजे जमिनीवर अंथरलेली चादर.

२००९ ची गोष्ट. शेजारच्या आंटीचा मुलगा तारवटी, नाताळाला सुट्टी मिळेल अशा बेताने जहाजावर जायचा आणि बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या सोप्यात, नखेत्र दरवर्षी तोच करून लावायचा. त्या वर्षी त्याची सुट्टी हुकली. आंटी कुंपणापाशी येऊन म्हणाली, "बाय, तुमचो दिवाळेचो कंदील कोण करता गो? म्हाका एक नखेत्र करून दी." कंदील मीच करायचे. माझं माहेर दोडामार्ग तालुक्यात, तिथे परसात माणगा बांबूचं बेट, लहानपणापासून कोयती हातात, त्यामुळे कामट्या काढणं मला भाकरी थापण्याइतकं सोपं. पण नखेत्र कधी बांधलं नव्हतं.

ऐकायला सोपं आहे. पाच कामट्या एकमेकींवर तिरक्या घालून एक चांदणी बांधायची, तशीच दुसरी बांधायची, दोन्हींची पाचही टोकं एकत्र आवळायची आणि आत जिथे कामट्या एकमेकींना छेदतात तिथे पाच ठिकाणी आखूड काटक्या अडकवून पोट फुगवायचं. दहा लांब, पाच आखूड, बाकी दोरा. पण त्या दहातली एक जरी बोटभर कमी पडली की नखेत्र लंगडतं, आणि ते जमिनीवर कळत नाही, टांगल्यावर कळतं. माझं पहिलं नखेत्र लंगडंच झालं. आंटी काही बोलली नाही, आखूड पाय भिंतीकडे करून तिने ते लावलं. नाताळाच्या दिवशी तिच्याकडून कोंसुआदचं, म्हणजे नाताळाच्या फराळाचं, ताट आलं, कुलकुल, दोदोल, नेवऱ्या, दोस, वर क्रोशाचा रुमाल. कुलकुलांच्या खाली शंभराची नोट घडी करून ठेवलेली. परत द्यायला गेले तर आंटीने दार लावून घेतलं. ती आमची पहिली कमाई.

पुढच्या वर्षी तिनेच चर्चमध्ये मिसाला, म्हणजे प्रार्थनेला, येणाऱ्या बायकांना सांगितलं आणि बारा ऑर्डरी आल्या. मग चाळीस. मग बचत गटातून वीस हजार उचलून एकदम माल भरला, आणि ती झुरळांची भानगड त्याच वर्षीची.

२०१२ ला दवाने मारलं. आपल्याकडे डिसेंबरात पहाटे काय दव पडतं ते सांगायला नको, कौलांवरून पागोळ्या गळतात. मी नवी, उत्साहात रात्री सगळी नखेत्रं अंगणात दोरीवर टांगली, सकाळी बघते तर खळ सुटलेली, लाल कागदाचा रंग पांढऱ्यावर उतरलेला, आणि खाली अंगण गुलाबी. आंटी पोदेराकडून पाव घेताना बघून म्हणाली, "आगो बाय, तुजीं नखेत्रां रडटात गो!" तेव्हा मला रडू येत होतं, आता आमच्या पडवीत कोणाचं काम बिघडलं की आम्ही हेच म्हणतो. तेव्हापासून नियम एकच, कागद चिकटवायचा तो सकाळी अकरा ते दुपारी चार एवढ्यातच. सकाळी कागद सादळलेला असतो, संध्याकाळी पुन्हा गारवा येतो. बांधाबांध कधीही करा.

आता अकरा ते चार म्हणजे बाईमाणसाच्या घरी कसली वेळ असते ते बघा. मासळीवाली येऊन गेलेली असते, मासे साफ करायचे, नारळ वाटायचा, शाळेतून पोरं येणार, कपडे वाळत घालायचे आणि काढायचे. सगळ्या नऊजणींची हीच वेळ. पहिली तीन-चार वर्षं सगळा सीझन ह्याच एका कारणाने रखडायचा, मी मात्र उगाच बाजाराला, कागदाला, नशिबाला दोष देत बसायचे. शेवटी नवरा म्हणाला डिसेंबरभर हुमण, म्हणजे माशांची आमटी, मी करतो. पहिल्या आठवड्यात त्याने तिरफळं ठेचायच्याऐवजी वाटणातच घातली, आम्ही कडू हुमण खाल्लं आणि गप्प बसलो. आता नऊजणींचं दुपारचं जेवण आमच्याकडेच, तोच रांधतो, आणि खरं सांगते, मशीन, लोन, ट्रेनिंग ह्या कशानेही जेवढा माल वाढला नाही तेवढा ह्या एका पातेल्याने वाढला. हिशोबाच्या वहीत मासळीचा खर्च कच्च्या मालाखाली लिहिते मी. आमचा अकाउंटंट हसतो, हसू दे.

गिऱ्हाइकाचं पण तसंच असतं. आम्ही ऑक्टोबरात बांधायला लागतो पण ऑर्डरी नोव्हेंबरात येत नाहीत, डोकं खाजवायचे की असं का. मग लक्षात आलं की पावसाने भिंतींना बुरशी धरलेली असते, आधी ती खरवडायची, मग रंग, मग पडदे धुवायचे, कपाटातली काचेची भांडी पुसायची, सोप्यावरचं शेवाळ घासायचं, आणि रंग सुकल्याशिवाय नवीन नखेत्र कोणी टांगत नाही. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त, म्हणजे चर्चचा उत्सव, ८ ला पणजीच्या इमॅक्युलेट चर्चचं, ती झाली की सगळे एकदम जागे होतात. म्हणून मी आता फोनवर आधी विचारते, रंगारी येऊन गेला का? येऊन गेला असेल तर आठ दिवसांत ऑर्डर पक्की. आणि २० तारखेच्या पुढे बायकांना फोन करायचाच नाही. १९ ची गोवा मुक्तिदिनाची सुट्टी बऱ्याच घरांत दोदोल ढवळण्यात जाते, तांदळाचं पीठ, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ, तासन्‌तास हात थांबवायचा नाही, अशा वेळी फोन कोण उचलणार. त्या आठवड्यात माल न्यायला घरातले पुरुष येतात आणि भाव न करता नेतात, हे एक बरं.

गोठ्यांचं काम नंतर आलं. छप्पर भाताच्या गवताचं, खांब चिवारी बांबूचे. देखाव्यात हिरवळ हवी म्हणून आंटी पंधरा दिवस आधी ताटलीत माती घालून नाचणी पेरते. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हटलं अगं हे तर आमचं घटस्थापनेचं रुजवण! मग आम्ही गोठ्याबरोबर नाचणीची पुडी द्यायला लागलो, फुकट, आणि लोकांना गोठ्यापेक्षा ती पुडीच जास्त लक्षात राहते. गोठ्यात बाळाची गव्हाण २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवतात, बाळ मध्यरात्री ठेवायचं. मला हे माहीत नव्हतं, पहिल्या वर्षी सगळ्या गोठ्यांत मी बाळ फेव्हिकॉलने चिकटवून दिलं होतं. आंटीने कपाळावर हात मारला. आता बाळ वेगळ्या डबीत कापसात जातं, आणि बाळाला बघायला येणारे राजे तीन, ते ६ जानेवारीला पोचतात म्हणून काही घरांत त्यांना लांब टेबलाच्या टोकाला ठेवून रोज थोडं थोडं पुढे सरकवतात. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी मूर्ती करून घ्यायचा पण प्रयत्न झाला, काम देखणं, पण किंमत गोठ्याच्या तिप्पट जायला लागली म्हणून सोडलं. अजून मनात आहे.

नोटाबंदीचं वर्ष उधारीवर निघालं, जवळजवळ सगळ्यांनी जानेवारीत पैसे आणून दिले. त्याहून वाईट अनुभव एका मोठ्या दुकानाचा. साठ नखेत्रं विकल्यावर पैसे ह्या बोलीवर नेली, फेब्रुवारीत एकेचाळीस परत पाठवली, त्यातली निम्मी चेपलेली, आणि विकलेल्यांचे पैसे आजतागायत नाहीत. नाव घेत नाही. तेव्हापासून अर्धे पैसे आधी, मग तो कोणी का असेना.

२०२० ला बाजार थंड. पोरं घरी, हाताला काम नाही. धाकट्या जावेने सुचवलं की तयार नखेत्र नको, नुसतं सामान देऊया, दहा कामट्या, पाच काटक्या, दोरा, पतंगी कागद, खळीची पूड. पहिल्या शंभर पाकिटांनी आमचं नाक कापलं. लोक फोन करून सांगायचे कामट्या वाकवल्या की कडाकडा मोडतात. चूक आमचीच, उन्हात कडक वाळवून पॅक केलेल्या. मग चिठ्ठी घातली की बांधायच्या आधी अर्धा तास पाण्यात भिजवा, प्रत्येक पाकिटात दोन कामट्या जास्तीच्या टाकल्या, आणि एका पोराचा फोन आला की आमचं नखेत्र लंगडतंय, काय करू. म्हटलं आखूड पाय भिंतीकडे कर. आज पाकिटं तयार नखेत्रांपेक्षा जास्त खपतात. खळीच्या पुडीत मोरचूद घालत नाही, पोरांच्या हातात जाते ना.

प्लास्टिकच्या चांदण्या बाजारात ढिगाने आहेत, लाईटसकट, स्वस्त, पावसात भिजल्या तरी काही होत नाही. मी त्यांना नावं ठेवत नाही, माझ्या भावाच्या घरी पण तीच आहे. फक्त ती बिघडली की कचऱ्यात. आमचा सांगाडा परत आणा, कागद बदलून देतो, अर्ध्या पैशात. आत साठचा बल्ब लावू नका एवढंच सांगते, पूर्वी त्याने कागद करपायचा, आता पाच वॅटचा एलईडी पुरतो. जानेवारीत गोठे उतरले की लोक सांगाडे आणून टाकतात आणि ते वर्षभर आमच्या माळ्यावर लटकतात, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी.

आंटीचा पण आहे त्यात. २००९ चाच. दोन कामट्या बदलल्या, बाकी तोच. मागच्या वर्षी मी म्हटलं आंटी आता नवीन बांधून देते, सरळ, पैसे पण नको, तर म्हणाली नाका गो, त्या पायाक वणत खंय तें म्हाका खबर आसा, म्हणजे त्या पायाला भिंत कुठे ते तिला ठाऊक आहे. ह्या वर्षी तिला निळा कागद हवाय. तारवटी मुलगा २२ ला उतरतोय म्हणे, त्याच्या आत द्यायचंय, आणि निळा कागद म्हापशात संपलाय.