बाटली, जुने सुती कापड आणि वर्तमानपत्र

एकदा आमच्या घरचे पाणी आणि वीज सलग दोन दिवस बंद होती. टाकीच्या तळाशी थोडे गढूळ पाणी उरले होते, गॅस संपत आला होता आणि ओट्यावर प्लास्टिकच्या दोन रिकाम्या बाटल्या होत्या. त्या बाटल्यांनीच पिण्याच्या पाण्याची सोय केली. तेव्हापासून कोणती वस्तू कशामुळे उपयोगी पडते, हे कारणासकट लिहून ठेवण्याची सवय मला लागली, कारण नेमके कारण ठाऊक नसले तर तात्पुरती सोय ऐन वेळी दगा देते.

गढूळ पाणी आधी स्थिर ठेवून निवळू द्यावे आणि चार पदरी सुती कापडातून गाळावे. अनेकदा धुतलेले जुने कापड नव्यापेक्षा सरस ठरते, कारण धुऊन धुऊन सुताचे तंतू सुटे होतात आणि विणीतली छिद्रे बारीक होतात. मग रंगहीन, ओरखडे नसलेली आणि 2 लिटरपेक्षा मोठी नसलेली बाटली घ्यावी. तिच्या तळाशी त्रिकोणात 1 हा आकडा असावा. ती भरून वर्तमानपत्राच्या मथळ्यावर उभी ठेवावी आणि तोंडातून सरळ खाली पाहावे. मथळा वाचता आला, तरच पुढे जावे. अक्षरे पुसट दिसत असतील तर पाणी पुन्हा गाळावे, कारण गाळाच्या कणांआड जंतू उन्हापासून बचावतात. झाकण लावलेली बाटली स्वच्छ उन्हात 6 तास आडवी ठेवावी आणि आभाळ निम्म्याहून अधिक भरलेले असेल तर सलग 2 दिवस ठेवावी. उन्हातील अतिनील किरण जंतू निकामी करतात. पाण्यात मिसळलेली रसायने मात्र त्यामुळे जात नाहीत, हे विसरू नये. इंधन असेल तेव्हा पाणी खळखळ उकळून 1 मिनिट तसेच ठेवणे हाच सर्वांत भरवशाचा मार्ग आहे, असे माझे ठाम मत आहे.

जुलाब झालेल्या माणसासाठी याच शुद्ध केलेल्या 1 लिटर पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. लहान आतड्यात साखरेसोबत मिठातले सोडियम आत शोषले जाते आणि त्याच्यामागून पाणी जाते, म्हणून दोन्ही लागतात. चमच्यावरची रास बोटाने नव्हे, सुरीच्या पाठीने सारखी करावी. मीठ जास्त झाले तर लहान मुलाला ते धोक्याचे ठरते, त्यामुळे इथे अंदाजाने काम करू नये.

त्या रात्री उजेडासाठी टॉर्च उभा करून त्यावर पाण्याने भरलेली बाटली ठेवली, तेव्हा एका ठिपक्यात अडकलेला झोत खोलीभर पसरला. थंडीत कपड्यांच्या दोन थरांमध्ये चुरगाळलेले वर्तमानपत्र घातले तर त्यात अडकलेली हवा ऊब धरून ठेवते, आणि तेच वर्तमानपत्र जाड घडी करून दुखावलेल्या मनगटाला आधार म्हणून बांधता येते.

भाजलेल्या जागेवर टूथपेस्ट किंवा लोणी लावण्याची सवय मात्र कळकळीने सोडावी, असे मी सांगेन. जखमेवर 20 मिनिटे वाहते थंड पाणी सोडावे आणि नंतर अन्न झाकण्याच्या पातळ प्लास्टिकचा तुकडा वरून अलगद ठेवावा. तो गुंडाळू नये, कारण भाजलेला भाग सुजतो आणि घट्ट वेढा रक्तपुरवठा अडवतो.