माकडाची शी आणि कालचं भांडण

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मला सेरोटोनिनच, म्हणजे मेंदूत निरोप पोचवणारं रसायनच, हवं होतं. अमेरिकेतल्या मॉर्गन बेटावर मोकळ्या हिंडणाऱ्या ऱ्हीसस माकडांवर १९९०च्या दशकात झालेलं काम वाचून डोकं फिरलं होतं. ज्या तरुण नरांच्या मणक्यातल्या पाण्यात सेरोटोनिनचा विघटित अंश कमी, ते जिवावरची भांडणं काढतात, उंचावरून धोक्याच्या लांब उड्या मारतात, कळपही लवकर सोडतात. कर्नाटकातल्या गोकाक धबधब्यावरची आपली टोपी माकडं कशी आहेत, ते बघू म्हटलं.

गाइड सर म्हणाले, "ते पाणी काढायला माकड पकडायचं, भूल द्यायची, पाठीत सुई घालायची. तू घालणार?"

विषय तिथंच बदलला. सेरोटोनिनऐवजी कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक. त्याचे अवशेष विष्ठेत उतरतात, माकडाला हातही लावावा लागत नाही. आजीनं मात्र निपाणीत गल्लीभर केलं, "शी गोळा कराय एवढं शिकलीस व्हय गं?"

परवानगीचा अर्ज मी इंग्रजीत दिला होता, तो कन्नडमध्ये आणा म्हणून परत आला. मैत्रिणीनं लिहून दिला. त्यात दीड महिना गेला, त्याबद्दल जास्त बोलत नाही.

खरी परीक्षा ओळखण्याची होती. पहिले पंधरा दिवस सगळी माकडं एकच वाटायची. मग कानतुट्या कळला, ओठावर डाग असलेली म्हातारी कळली. एकेकावर दहा-दहा मिनिटं नजर ठेवायची: कोण कुणाच्या उवा वेचतं, कोण कुणाला बघून दात विचकतं. नमुना ताजाच हवा, त्यात मूत मिसळलेलं चालत नाही, आणि कुणाचा आहे ते डोळ्यानं बघितलेलं असलं पाहिजे. मासेवाल्या मामांची थर्माकोलची पेटी बर्फ घालून न्यायचे. पेटीच्या वासानं कुत्री मागं लागायची, ते वेगळंच.

एकदा झुलत्या पुलाजवळ कुणा पोराच्या हातातली करदंट मिठाई कानतुट्यानं ओढली. दुसरा मोठा नर धावला. किंचाळणं, चावा, डिंक आणि सुकामेवा दगडांवर सांडलेला. पाच मिनिटांत दोघं एकमेकांना मिठी मारून बसले! टोपी माकडांचे नर असे बरेच सोशीक असतात, पण प्रत्यक्ष बघताना मी लिहायचंच विसरले.

मी लगेच दोघांचे नमुने घेतले आणि खूश झाले. सर हसले. विष्ठेत आजचा ताण आज दिसत नाही, साधारण एक-दोन दिवसांनी दिसतो. म्हणजे मी जे उचललं ते भांडणाच्या आधीचं होतं. दुसऱ्या दिवशी संकेश्वरला बस चुकली, पोचेपर्यंत कळप नदीपलीकडं.

त्यानंतर मैत्रिणीच्या मावशीकडं गोकाकलाच सलग तीन-तीन दिवस राहिले. ६२ नमुने झाले, ११ कुणाचे ते पक्कं नव्हतं म्हणून टाकले. उरलेले वाळवून, अल्कोहोलमध्ये घोळून एलायझा, म्हणजे संप्रेरक मोजायची चाचणी, केली. एवढ्या नमुन्यांवर मोठा दावा करता येत नाही, तसंच लिहिलं.

व्हायव्हात बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "मग सेरोटोनिन कुठाय?"

"माकडाच्या पाठीत, सर."

पेटी धुऊन मामांना परत दिली. आत काय होतं, ते अजून सांगितलेलं नाही.